मधाला बुरशी येत नाही हो!

माझ्या नोकरीत मी मध विकला थोडा आणि मधाची अब्रू सांभाळली फार.

इंग्लंडातल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका बाजूला टायरवाला आणि दुसऱ्या बाजूला सँडविच बनवणारे, अशा शेजारात आमची शेड होती. आसपासच्या गावांतले हौशी मधमाशीवाले बादल्या भरभरून मध आणायचे आणि आम्ही तो गाळून, घोटून बाटल्यांत भरायचो. नवरा सॉफ्टवेअरवाला, त्याचा व्हिसा. मी त्याच्यामागून आलेली, फूड टेक्नॉलॉजीची पदवी सामानात तळाशी ठेवून. शेडचा मालक ग्रॅहम. त्यानं इंटरव्ह्यूला एकच प्रश्न विचारला, "तुला भांडता येतं का?" मी म्हटलं, "मी सांगलीची आहे." त्याला सांगली काय कप्पाळ माहीत असणार! पण माझा आवाज ऐकून त्यानं तक्रारींचा फोन उचलून माझ्या टेबलावर ठेवला, तो मी रिटायर होईपर्यंत तिथंच राहिला.

तक्रारी कसल्या? चवीची एक नाही. सगळ्या रूपाच्या! लोक मध जिभेनं विकत घेतात असं तुम्हाला वाटत असेल तर विसरा, लोक मध डोळ्यांनी घेतात. "बाटलीत पांढरे डाग पडलेत, बुरशी आली," हा फोन आठवड्याला ठरलेला. मी शांतपणे सांगायची, "मॅडम, मधाला बुरशी येत नाही हो." मग पलीकडून, "पण मला दिसतेय ना!" आणि मग माझ्यातली सांगली जागी व्हायची.

आता थोडी शाळा घेते, सहन करा. मध आज ना उद्या साखरतोच, त्यात कुणाची लबाडी नसते. आपल्याकडे मध साखरला की "मेल्यानं पाक घातला" म्हणून दुकानदाराचा उद्धार करतात, तो बिचारा निर्दोष असतो. आपल्या आपण साखरलेला मध मात्र खडबडीत होतो, दाताखाली करकरतो. म्हणून इंग्रजांनी एक युक्ती काढली. पातळ मधात आधीच्या मऊ, घट्ट मधाचे थोडे चमचे घोटून घालायचे. त्यातला रवा बारीक असला की सगळा मध तसाच बारीक बसतो, लोण्यासारखा. याला म्हणतात सॉफ्ट सेट. ग्रॅहमनं मला हे पहिल्या दिवशी फळ्यावर आकृत्या काढून समजावलं. अर्धा तास. मी म्हटलं, "विरजण." तो म्हणाला, "व्हॉट?" मी म्हटलं, "काही नाही, कळलं."

विरजण घातलेला मध गार जागी ठेवायचा, आणि तो गारवा एकसारखा हवा. घट्ट होताना मध किंचित आक्रसतो. काचेपासून सुटला की फटीत हवा शिरते, आणि तिथं पांढरे फुलोरे उमटतात. यालाच लोक बुरशी म्हणतात. बाटली गरम-गार झाली की हे जास्त होतं. फार ऊब लागली तर वर पातळ मधाचा थर आणि खाली खडा. खायला दोन्ही चालतं, पण दिसायला... विचारू नका.

एका आजीबाईंनी तर बाटली रबरी हातमोज्यात गुंडाळून पोस्टानं पाठवली होती. सोबत निरोप की नवऱ्याला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही. मी त्यांना फोन लावला, रिसीव्हर तोंडाशी धरला आणि त्यांच्याच बाटलीतला मध चमच्यानं खाऊन दाखवला. ऐकवला म्हणा हवं तर. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "तू अजून आहेस ना?" मी म्हटलं, "आहे, आणि बाटली संपली." पुढे त्या दर नाताळला मला केक पाठवायच्या.

पण सांगायची गोष्ट आहे ती पिनरच्या डॉक्टर सबनीसांची.

दोन हजार सालाच्या आसपासची, फोनवर फोटो पाठवायची सोय नव्हती तेव्हाची. त्यामुळे बाटली आजारी पडली की डॉक्टरनं घरी जायचं, आणि इथं तर डॉक्टरच्याच घरी. सबनीस आमच्या हौशी मधमाशीवाल्यांपैकीच, पेशानं भूलतज्ज्ञ, तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात. मागच्या बागेत त्यांच्या मधमाश्यांच्या चार पेट्या. ते म्हणायचे, "सुनंदाताई, माझ्याशी बोलायला आलेला प्रत्येक माणूस मीच झोपवतो. माश्या निदान गुणगुणतात तरी." माश्यांबद्दल बोलताना या गंभीर गृहस्थाचे कान लाल व्हायचे, नव्या जावयासारखे.

त्यांच्या बायकोला, भारतीवहिनींना मात्र त्या पेट्या डोळ्यांसमोर नको होत्या. कारण सबळ होतं. हिवाळाभर कोंडलेल्या माश्या वसंतात पहिल्यांदा बाहेर पडतात त्या पोट साफ करायला, आणि ते करतात उडता उडता. वहिनींच्या पांढऱ्याशुभ्र चादरी दोरीवर, आणि चादरींवर पिवळे ठिपके! एकदा शेजाऱ्याच्या नव्या चंदेरी गाडीवरही. वर एका बारशाच्या सकाळी वहिनींच्या पापणीला माशी चावली आणि सगळ्या फोटोंत त्या एका डोळ्यानं बाळाकडे बघताहेत. त्यानंतर त्यांनी निकाल दिला. लेकीचं, ईशाचं लग्न ठरलंय, त्याला हवा तेवढा मध काढा, पण लग्न झालं की पेट्या गेल्याच पाहिजेत. डॉक्टरांनी लेकीसमोर शब्द दिला. गिऱ्हाईक मीच शोधून दिलं, आमचा ग्रॅहम. लग्नानंतरच्या रविवारी तो व्हॅन घेऊन येणार होता.

म्हणजे तो मध डॉक्टरांचा शेवटचा. लग्नात प्रत्येक पाहुण्याला त्याची एकेक छोटी बाटली द्यायची, आणि जावयाला मधुपर्क द्यायचा तोही याच मधाचा. नागपूरच्या व्याह्यांना त्यांनी फोनवर हे इतक्यांदा सांगितलं होतं की व्याहीबुवा म्हणे, "हो जी, लक्षात आहे, मध."

आणि ऐन वेळी डॉक्टरांचा फोन. आवाज असा की मला वाटलं लग्न मोडलं.

"सुनंदाताई, मध बिघडला हो."

मी गेले. गॅरेजात टेबलावर बाटल्यांच्या रांगा, प्रत्येकीला ईशानं सोनेरी रिबन बांधलेली. आणि काचेतून काय दिसत होतं! खांद्यापाशी पांढरे चट्टे, कोड फुटल्यासारखे. वर पातळ तवंग, खाली घट्ट खडा. ईशा दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, तो मध मेली का?" इथं जन्मलेली पोर, तिचं मराठी गोड पण लिंगाचा पत्ता नाही. मी म्हटलं, "मेला नाही ग, त्याला नुसता ताप आलाय."

मग मी माझा नेहमीचा खटला चालवला. घाई केली असणार. नाही, केली नव्हती. घोटल्यावर बुडबुडे वर येऊ दिले नसतील. दिले होते, फेस काढलाही होता. बाटल्या ओल्या असतील. कोरड्या होत्या, कोमट करून भरल्या होत्या. विरजणाचा मध खडबडीत असेल. त्यांनी तो चाखायला दिला, रेशीम! भूलतज्ज्ञ माणूस, सगळं मोजूनमापून केलेलं. तरी मी ठासून म्हटलं, "डॉक्टर, तुमचं हे गॅरेज दिवसा तापत असणार."

"नोव्हेंबरात?" ते म्हणाले.

खटला फसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाटलीनं मला तोंडघशी पाडलं होतं. त्यात आणखी एक चमत्कार. सगळ्या बाटल्या एकाच बादलीतून भरलेल्या, तरी मागच्या रांगेतल्या काही ठणठणीत! एकाच ताटात जेवलेल्या दोघांतल्या एकालाच अपचन व्हावं तसं. मी बाटल्या उलट्या करून, उजेडात धरून, वास घेऊन पाहिल्या. हात चिकट झाले. डॉक्टर म्हणाले, "वर बाथरूममध्ये हात धुवा. टॉवेल जिन्याशेजारच्या एअरिंग कबर्डात आहे."

हे एअरिंग कबर्ड म्हणजे इथल्या घरांतलं एक कपाट, आत गरम पाण्याची टाकी, त्यामुळे कायम उबदार. त्यात टॉवेल, चादरी ठेवतात. आणि आपली मराठी बाई त्यात आणखी एक गोष्ट ठेवते, कारण इंग्लंडच्या थंडीत ते दुसरीकडे कुठं लागतच नाही. दही.

मी कपाट उघडलं. दह्याचं भांडं होतंच, शाल पांघरून. आणि त्याच्या शेजारी टॉवेलांच्या कुशीत सोनेरी रिबिनी लावलेल्या बाटल्या. त्याही जुन्या मऊ शालीत गुंडाळलेल्या. थंडीतल्या बाळांसारख्या!

"यांना सांगू नका हं," मागून आवाज आला. भारतीवहिनी. हातात इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा, चेहरा पांढराफटक.

"वहिनी, अहो हे काय?"

"विरजण घातलं म्हणाले ना? मी गॅरेजात जाऊन बघितलं तर सगळं ढवळं पाणी. तिथं हे एवढं गार! तिथं कसं लागणार हो? म्हणून हे ड्यूटीवर गेले की थोड्या थोड्या वर आणायची आणि ते यायच्या आत खाली. आळीपाळीनं. सगळ्यांना ऊब मिळायला नको? आज हे लवकर घरी आले, म्हणून या वरच राहिल्या."

मला हसू आवरेना. दह्याला ऊब लागते आणि मधाला गारवा, आणि ही माउली मधाला दुपट्यात घालून बसलेली! वर तापायचा, खाली गारठायचा, पुन्हा वर. चट्टे नाही उठणार तर काय? मागच्या रांगेचा नंबर अजून आला नव्हता म्हणून ती वाचली. मी तोंडावर टॉवेल दाबून हसले. तोही चिकट होता.

मग मी विचारलं, "पण वहिनी, तुम्हाला तर या पेट्या नकोत ना?"

"नकोतच!" त्या फणकारल्या. मग टॉवेलाची घडी उगाच पुन्हा घालत म्हणाल्या, "पण ते रोज जाऊन बघतात हो त्या बाटल्यांकडे. एवढंसं तोंड करून. मला नाही बघवत."

मी शब्द दिला की सांगणार नाही. खाली आले. गॅरेजात डॉक्टर पाठमोरे उभे. मी घसा साफ करून म्हटलं, "कारण सापडलंय, पण ते आमच्या धंद्यातलं गुपित आहे."

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "कबर्ड बघितलंत?"

मी उडालेच. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून. आंघोळ करून अंग पुसलं की टॉवेल अंगालाच चिकटतो हो!"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्या पेट्यांकडे तिनं आजवर ढुंकून बघितलेलं नाही, आणि त्यांच्या मधाला शाल पांघरते आहे. तिला म्हणू, चूक करतेस? मला नाही जमलं. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही तिला सांगा, पण मला माहीत आहे हे सांगू नका."

घ्या! वर एक गुपित, खाली एक गुपित, आणि मध्ये मी, दोघांच्या शपथा घेऊन जिन्यात. परतताना ट्रेनमध्ये मी एकटीच इतकी हसत होते की समोरच्या बाईनं जागा बदलली.

मध वाचवणं त्यामानानं सोपं होतं. पुढचा सबंध शनिवार आम्ही त्यात घातला. बाटल्या कोमट पाण्यात बसवल्या, मध सैल झाला तेवढाच, पूर्ण पातळ होऊ दिला नाही. मग सगळा बादलीत, पुन्हा ते रेशमी विरजण, पुन्हा घोटणं. वर फेस आला तशी वहिनींनी न सांगता पळी घेतली आणि पाकावरची मळी काढावी तसा तो अलगद काढला. डॉक्टर घोटायचं थांबून बघतच राहिले. मी वहिनींना मोठ्यानं, म्हणजे डॉक्टरांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता याला गारवा हवा बरं का, एकसारखा गारवा. कुणी ऊब द्यायची नाही." डॉक्टर मान खाली घालून घोटत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. वहिनी म्हणाल्या, "मला कशाला सांगता? मी काय करतेय!" ईशानं सगळ्या रिबिनी पुन्हा बांधल्या आणि विचारलं, "तुम्ही सगळे एवढे वेड्यासारखे का हसताय?"

लग्नाला मी गेले होते. मधाचा हलवा तेवढा केला नव्हता, बाकी मधच मध, प्रत्येक टेबलावर बाटल्या. बाटल्या म्हणजे काय सांगू, मोगऱ्याच्या रंगाचा मध, तळापासून झाकणापर्यंत एकसारखा, एक डाग म्हणून नाही! नागपूरच्या विहीणबाईंनी जेवणाच्या आधीच बोट घालून चाखला. "अगंबाई, हे तर लोणीच आहे नं! कुठून आणलं?" डॉक्टरांचे कान लाल. ते काही बोलेपर्यंत वहिनी म्हणाल्या, "घरचा आहे." मधुपर्काच्या वाटीत वहिनींचं दही आणि डॉक्टरांचा मध एकत्र झाला आणि जावयानं तो आवडीनं खाल्ला. मला उगाचच रडू आलं. लेक सासरी चालली होती ईशा, आणि डोळे पुसत होते मी, मधासाठी!

आणि मग तो रविवार आला.

ग्रॅहम आणि मी सकाळी पिनरला पोचलो. डॉक्टर आधीच बागेत होते. माश्या पेटीतच राहाव्यात म्हणून चारही पेट्यांच्या तोंडात त्यांनी फोमचे बोळे कोंबले होते, पेट्या पट्ट्यांनी आवळल्या होत्या. माझ्याकडे बघून ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. ग्रॅहमनं व्हॅनचं मागचं दार उघडलं. मी मनात म्हटलं, सुनंदा, इतक्या बाटल्या बऱ्या केल्यास, आणि आता हे गिऱ्हाईकही तूच आणलंस. मला स्वतःचाच राग आला.

पहिली पेटी दोघांनी धरली. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि वहिनी पायरीवर आल्या.

"अहो, थांबा. मला एक सांगायचंय. तो मध मी बिघडवला होता. कबर्डात ठेवून. गारठेल म्हणून."

डॉक्टरांनी पेटी खाली ठेवली. "काय सांगतेस! तू?" ते म्हणाले. असं आश्चर्य, असा धक्का त्या चेहऱ्यावर, की मला एक क्षण वाटलं, गॅरेजातलं ते सगळं बोलणं मला स्वप्नातच पडलं. जन्मभर पेशंटला 'काही होणार नाही' म्हणून सांगत आलेला माणूस तो!

वहिनींनी डोळे पुसले. "सुनंदाताईंना माहीत होतं. तुम्हाला सांगायचा धीर नव्हता माझा. ईशा गेली. कालपासून घरात बोलायला कुणी नाही. तुम्ही आणि मी, एवढंच." मग त्यांचा आवाज चढला. "काढा ते बोळे! गुदमरतील त्या."

"अगं, पण मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तुला."

"मग मी तो परत देतेय. घ्या."

 डॉक्टरांनी ओल्या गवतात गुडघे टेकून एकेक बोळा ओढून काढला. ग्रॅहमनं मला विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, "डील कॅन्सल." तो पेट्रोलबद्दल कुरकुरला, तशी वहिनी म्हणाल्या, "त्यांना म्हणावं पोहे खाऊन जा." त्यानं दोनदा घेतले.

डॉक्टर मात्र आत आलेच नाहीत. आम्ही खिडकीतून बघत होतो, ते पेट्यांपुढे तसेच बसून राहिले होते. पोहे गार व्हायला लागले. वहिनींनी त्यांचा चहा गाळला, पदर डोक्यावरून घेऊन कानांपर्यंत घट्ट ओढला, आणि कप हातात घेऊन, एकेक पाऊल जपून टाकत, पहिल्यांदाच त्या पेट्यांपर्यंत गेल्या.